आषाढ आमरी कुंडीत का जगत नाही?

जून संपत आला की पुण्यातल्या डोंगरभटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरू लागतो. ओल्या गवतात जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान, त्यातून वर आलेला वीतभर दांडा आणि त्यावर पांढरीशुभ्र फुलं. 'हे कुठलं फूल?' याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आषाढ आमरी, सह्याद्रीतलं रानटी ऑर्किड. मग कोणीतरी विचारतंच, 'बाल्कनीत कुंडीत येईल का हे?'

उत्तर 'नाही' असं आहे. पण का नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. विचारणाऱ्यालाच 'निसर्गाला ओरबाडू नका' असं सुनावलं जातं आणि विषय तिथेच संपतो. खरं कारण या उपदेशापेक्षा कितीतरी मजेशीर आहे. शिवाय तेच कारण वर्तमानपत्रात अधूनमधून डोकं वर काढणाऱ्या दुसऱ्या एका वादालाही लागू पडतं. पठारावर प्लॉटिंग, रस्ता किंवा रिसॉर्ट यायचं झालं आणि कोणी हरकत घेतली, की 'इथली झाडं दुसरीकडे नेऊन लावू' असं आश्वासन दिलं जातं. वडा-पिंपळाच्या बाबतीत ते निदान कल्पनेत तरी बसतं. या फुलाच्या बाबतीत तेवढंही नाही.

आधी ओळख

आमरी म्हणजे ऑर्किड. जगात ऑर्किडच्या साधारण २८ हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये छापलेल्या यादीत भारतातल्या १,२५६ जाती मोजल्या आहेत. आपण व्हॅनिला म्हणतो, तीही एका वेलवर्गीय ऑर्किडची शेंग. अस्सल व्हॅनिलाच्या आइस्क्रीममध्ये जे बारीक काळे ठिपके दिसतात, ते ऑर्किडचं बी. हे लक्षात ठेवा, बियांचा विषय पुढे येणार आहे.

राहणीमानावरून आपल्याकडच्या आमरींचे ढोबळ दोन गट पडतात. काही झाडांच्या खोडा-फांद्यांवर राहतात. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लोंबता तुरा मिरवणारी सीतेची वेणी त्यातलीच. आसामात बिहूला बायका हीच फुलं केसांत माळतात आणि तिथलं ते राज्यफूल आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळशीकडच्या झाडांवर पानं झडलेल्या कांड्यांना पांढरी फुलं आलेली दिसतात, ती डेंड्रोबियमची. दुसरा गट जमिनीत कंद ठेवून राहणाऱ्यांचा. आषाढ आमरी या गटातली. तिचं शास्त्रीय नाव हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव जिभेला जड आहे, त्यामुळे एकदाच लिहून सोडून देतो. एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनी ते १९३२ मध्ये दिलं. ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे स्विस जेझुइट पाद्री. काही काळ ते पाचगणीला होते आणि १९३४ मध्ये पुण्यातच वारले.

आषाढ आमरीचं वर्ष अगदी आटोपशीर असतं. वळवाचे एक-दोन दणके बसले आणि मृगाचा पाऊस लागला की कंदातून पान बाहेर येतं आणि जमिनीवर सपाट पसरतं. आषाढात फुलं. त्यानंतर छोट्या शेंगा, त्यातून बी उडून जाणं, आणि पाऊस ओसरला की वरचं सगळं वाळून नाहीसं. तोवर तिने जुन्या कंदाशेजारी एक नवा कंद भरून ठेवलेला असतो. हिवाळा आणि उन्हाळा हा नवा कंद मातीत निपचित पडून राहतो. सप्टेंबरात कासला फुलांचे गालिचे पाहायला जाणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण तिचा हंगाम तेव्हा उरकलेला असतो.

राहण्याची जागाही तिने निवडून घेतली आहे. लोणावळा-खंडाळा, मुळशी, ताम्हिणी, पुढे महाबळेश्वर-पाचगणी, कास असा सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, आणि त्यातही उघडी पठारं, गवताळ उतार. खाली जांभा नाहीतर बसाल्टचा कातळ, वर जेमतेम चार-सहा बोटं माती. पावसाळ्यात ही माती चिंब असते आणि एप्रिल-मेमध्ये इतकी तापते, की अनवाणी उभं राहवत नाही. माती निकस, म्हणजे नत्र-स्फुरद बेताचंच. ज्या जमिनीवर कोणी कांदासुद्धा लावणार नाही, तिथे ही सुखाने राहते. कशी राहते, ते समजायला बियांकडे जावं लागेल.

बी आहे, पण त्यात काही नाही

हरभऱ्याचा दाणा भिजवून सोला. आत दोन जाड डाळी निघतात आणि त्यांच्या बेचक्यात एक इवलासा कोंब. कोंब म्हणजे होऊ घातलेलं रोप, आणि डाळी म्हणजे ते स्वतःची पानं फुटेपर्यंत जे खाणार ते अन्न. नारळात तेच काम खोबरं करतं, गव्हात पीठ. आपण धान्य खातो म्हणजे खरं तर रोपांच्या तोंडचा घास काढून घेतो.

आमरीच्या बीमध्ये ही डाळ नसतेच. मोजक्या पेशींचा एक गोळा आणि त्याभोवती जाळीसारखं पातळ कवच, एवढाच सगळा ऐवज. वजन काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश. शेंग तडकली की बी धुळीसारखं वाऱ्यावर उडतं. एका शेंगेत ते हजारोंनी असतं. काही जातींत लाखोंनी. एवढ्या बिया एकदम धरता याव्यात म्हणून परागकणही सुटे न ठेवता त्यांच्या पुड्या बांधलेल्या असतात. आलेल्या किड्याला पुडीच चिकटते आणि दुसऱ्या फुलावर एका फटक्यात हजारो बिया फळतात. आषाढ आमरीचं पांढरं फूल आणि त्यामागे लोंबणारी मधाची लांब नळी, ही ठेवण अंधारात उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांना बोलावणाऱ्या फुलांची असते.

बी मातीच्या भेगेत पडलं, पाणी प्यायलं, फुगलं. आणि तिथेच थांबलं, कारण पुढे वाढायला आत काहीच नाही. अशा वेळी मातीतल्या विशिष्ट बुरशीचा धागा त्या बीपर्यंत पोचला, तरच गोष्ट पुढे सरकते. धागा बीमध्ये शिरतो. एरवी बुरशी बीमध्ये शिरली म्हणजे बी कुजणार, हे कोणीही शेतकरी सांगेल. इथे उलटं होतं. पेशींमध्ये धाग्याची गुंतवळ तयार होते आणि आमरीच ती हळूहळू पचवून टाकते. बुरशीने मातीतल्या सडक्या पालापाचोळ्यातून मिळवलेली साखर आणि क्षार अशा रीतीने आमरीला मिळतात. त्यावर एक पांढुरका, दाण्याएवढा गोळा तयार होतो. त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. त्याला ना पान, ना मूळ. जमिनीवर उगवणाऱ्या आमरी या अवस्थेत बराच काळ, कधी कधी वर्षभराहूनही जास्त, मातीखाली काढतात. पहिलं पान त्यानंतर. पहिलं फूल यायला आणखी काही वर्षं.

मुळं आणि बुरशी यांच्या या सोबतीला मायकोरायझा म्हणतात, मराठीत कवकमूळ. या लेखापुरतं आपण नुसतं 'बुरशीची सोबत' म्हणू.

पेठांमध्ये शिकायला आलेल्या मुलाशी ही स्थिती ताडून पाहा. गावाहून येताना डबा नाही, खिशात पैसे नाहीत. बस जिथे सोडेल तिथे उतरायचं, आणि त्याच गल्लीत उधारीवर जेवू घालणारी एक खानावळ असली तर शिक्षण होणार. नसली तर रात्रीच्या गाडीने परत. आमरीच्या बीला परतीची गाडीसुद्धा नाही. म्हणून तर हजारो बिया सोडायच्या. त्यातल्या एखाददुसरीला खानावळ सापडली तरी वंश चालतो.

हे कळायला माणसाला फार उशीर लागला. युरोपातले श्रीमंत शौकीन १९व्या शतकात ऑर्किडवर अक्षरशः पैसा उधळत होते, जंगलांच्या जंगलं उपटून जहाजं भरत होते, पण त्यांचे माळी बी पेरून थकले तरी हमखास रोप उगवायचं तंत्र कोणाला सापडत नव्हतं. ३ मे १८९९ या दिवशी नोएल बर्नार हा २५ वर्षांचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फाँतेनब्लोच्या जंगलात फिरत असताना त्याला पालापाचोळ्याखाली गाडला गेलेला एका रानटी ऑर्किडचा दांडा सापडला. शेंग दांड्यालाच होती, आणि आतल्या बिया रुजलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रुजलेल्या प्रत्येक बीमध्ये बुरशीचे धागे. त्याने त्यावरून नेमका निष्कर्ष काढला आणि पुढची काही वर्षं प्रयोग करून तो सिद्धही केला. बिचारा ३६व्या वर्षीच गेला.

म्हणजे ही बांडगूळच झाली की!

झाडावरच्या आमरीला तर बरेच लोक बांडगूळ समजून खरवडून काढतात. आंब्यावरचं बांडगूळ यजमान झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचा रस ओढतं. झाडावरची आमरी सालीला फक्त चिकटून बसते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, बाकीचं सालीवर साचलेल्या कचऱ्यातून. झाडाचं त्यात काही जात नाही. तेव्हा आंब्याच्या फांदीवर जाड, हिरवट-पांढऱ्या मुळ्यांचं काही दिसलं, तर कोयता चालवण्याआधी एक फुलोरा पाहून घ्या.

बुरशीच्या बाबतीत मात्र आक्षेपात तथ्य आहे. लहानपणी आमरी बुरशीला जवळजवळ काहीच देत नाही, नुसती खाते. मोठी होऊन हिरवं पान आल्यावर ती स्वतः साखर बनवायला लागते, आणि तेव्हा उधारी फेडते का, हा शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षं वादाचा मुद्दा होता. २००६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी युरोपातल्या एका जमिनीवरच्या आमरीत दाखवून दिलं, की मोठं झाड खरंच बुरशीला साखर परत देतं. सगळ्याच जाती इतक्या प्रामाणिक नाहीत. पश्चिम घाटातही काही आमरी अशा आहेत, की त्यांना आयुष्यभर हिरवं पान फुटतच नाही. जन्मभर खानावळीत फुकट जेवण. आपली आषाढ आमरी पानवाली आहे. बाकी तिचा हिशेब तिचा.

दुकानातलं ऑर्किड घरात फुलतं, त्याचं काय?

रास्त प्रश्न. लग्नाच्या मांडवात ती जांभळी फुलं असतात, नर्सरीत फुलपाखरासारख्या फुलांची कुंडी मिळते, आणि ती कुणाकुणाच्या कार्यालयात महिनोन्महिने टिकतेसुद्धा. यातली बहुतेक सगळी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस या गटांतली, संकर करून तयार केलेली वाणं. मुळात झाडावर राहणाऱ्या जातींपासून बनलेली. त्यामुळे कोळसा, नारळाची सोडणं, वीटतुकडे यात त्यांना चालतं.

आणि रुजण्याचं काय? ते लुईस नूडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये सोडवलं. बुरशी शेवटी साखरच पुरवते ना, मग बाटलीत साखर आणि क्षार घातलेली जेली ठेवून त्यावर निर्जंतुक बी पेरलं तर? उगवलं. आजचा ऑर्किडचा सगळा व्यापार या बाटलीवर आणि नंतर आलेल्या टिश्यू कल्चरवर उभा आहे. दुकानातलं रोप बाटलीतल्या साखरेवर मोठं झालेलं असतं. रानातलं रोप मातीतल्या बुरशीवर. दोघांना ऑर्किड म्हणतात म्हणून दोघांची निगा सारखी ठरत नाही.

मातीसकट उचललं तर?

हा प्रश्न विचारणारे लोक खरे हौशी असतात, म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

समजा, तुम्ही कंदाला धक्का न लावता, भोवतालच्या मातीच्या गड्ड्यासह रोप अलगद काढलं. कंदात पुढच्या काही दिवसांचं अन्न आहे, त्यामुळे फुलं टिकतील. कदाचित पुढच्या जूनमध्ये पानसुद्धा येईल आणि तुम्ही सगळ्यांना फोटो पाठवाल. कुंडीत आणलेल्या आमरीची फसगत इथेच होते. ती लगेच मरत नाही. नवा कंद दरवर्षी थोडा लहान होत जातो आणि मग एका पावसाळ्यात पान येत नाही.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. गड्ड्याबरोबर बुरशी आली तरी तिचं स्वतःचं पोट कशावर भरत होतं? पठारावरच्या गवताच्या मेलेल्या मुळ्या, सडणारी पाती यांवर. कुंडीत तो पुरवठा बंद. मग आपण प्रेमाने खत घालतो. शेणखत, गांडूळखत, कोणी नत्र-स्फुरद-पालाश. निकस मातीची सवय असलेली ही सोबत खताने बिघडते. त्यात दुसऱ्या, जोरकस बुरशा आणि जिवाणू माजतात. जानेवारीत पान दिसत नाही म्हणून आपण पाणी घालत राहतो, आणि कोरड्या झोपेची सवय असलेला कंद सडतो.

काही जण आणखी पुढे जातात. कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची पुडी मिळते, ती घातली तर? ती पुडी ऊस, डाळिंब, भाजीपाल्यासाठी असते. त्यातल्या बुरशा वेगळ्या गटातल्या असतात आणि आमरी त्यांना ओळखत नाही. आमरीची दोस्ती रायझोक्टोनियाच्या गोतावळ्याशी आहे. गंमत बघा, याच गोतावळ्यातल्या एका भावाला आपला शेतकरी चांगला ओळखतो, भातावरच्या पर्णकोष करप्याचं आणि कितीतरी पिकांच्या मूळकुजीचं कारण म्हणून. आणि गच्चीवरच्या बागेत 'बुरशी लागू नये' म्हणून आपण जी ट्रायकोडर्माची भुकटी टाकतो, ती या रायझोक्टोनिया मंडळींना मारण्यासाठीच विकली जाते. म्हणजे आमरीचं जेवण आपणच बंद करतो.

आणि यातून सगळं निभावलं, झाड जगलं, तरी बियांचं काय? कोथरूडच्या पाचव्या मजल्यावर तो पतंग येणार नाही. आलाच, तर शेजारी पराग घ्यायला दुसरं फूल नाही. बी धरलंच, तर ते पडणार फरशीवर.

प्रयोगशाळेत वाढवून परत रानात लावता येईल का, असंही विचारलं जातं. हॅबेनारियाच्या, म्हणजे आषाढ आमरीच्याच भावकीतल्या, काही जातींची रोपं प्रयोगशाळेत तयार झाली आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात तर दुर्मीळ आमरींचं बी आणि त्यांची नेमकी बुरशी दोन्ही बाटलीत वाढवून रोपं रानात लावण्याचं काम चालतं. पण त्यासाठी मूळ जागेतली बुरशी आधी वेगळी करून सांभाळावी लागते, आणि लावायला तशीच जागा शिल्लक असावी लागते. तेव्हा हा पठार मोडून टाकायचा परवाना होत नाही.

पठारावर असतं तरी काय?

सातबाऱ्यावर अशा बऱ्याच जमिनीची नोंद 'पोटखराबा' म्हणून असते. लागवडीला अयोग्य. उन्हाळ्यात पाहणाऱ्यालाही ती उजाडच दिसते. खडक, वाळकं गवत, चार करवंदाच्या जाळ्या. इथे बंगला बांधला तर कोणाचं काय जातं, असं प्रामाणिकपणे वाटणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी मूर्ख समजत नाही. मे महिन्यात कंद दिसतच नाही. प्रकल्पासाठी झाडांची मोजणी होते तेव्हा खोडाचा घेर मोजतात. वीतभर दांड्याला घेर कुठला?

जेसीबीने वरची चार-सहा बोटं माती खरवडली, की कंद, बुरशी, प्रोटोकॉर्म आणि न रुजलेलं बी एकदमच जातं. ही माती कातळावर साचायला फार मोठा काळ गेलेला असतो. पावसाळ्यात वीकेंडला जीपगाड्या चढवून चिखल उडवण्याची जी नवी हौस आली आहे, तिने एका रविवारात चाकोऱ्या पडतात. चाकाखाली दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. आणि बुरशीला हवा लागते.

याहून नाजूक विषय वृक्षारोपणाचा. इथे माझी मतं अनेक मित्रांना आवडत नाहीत. उघडं पठार दिसलं की खड्डे घेऊन झाडं लावायची, हा आपल्याकडे पुण्यकर्माचा भाग झाला आहे. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प किती लावलं गेलं, ते वेताळ टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. गिरिपुष्प सावली करतं आणि हवेतलं नत्र मातीत आणतं. शेताच्या बांधावर हे गुण आहेत. गवताळ पठारावर दोन्ही अवगुण ठरतात, कारण तिथल्या वनस्पतींना ऊन हवं असतं आणि निकस माती हवी असते. जिथे जंगल तुटलं तिथे जंगल लावा. जिथे जंगल कधी नव्हतंच, तिथलं गवत हेच तिथलं जंगल.

गुरांबद्दल मात्र सरसकट बोलणं चुकीचं ठरेल. गुरांच्या खुरांखाली रोपं चिरडतात, हे खरं. पण गुरं पूर्ण बंद केली की उंच गवत माजतं आणि जमिनीलगतची छोटी झाडं झाकली जातात. कासला कुंपण आणि चराईबंदीवरून नेमका हाच वाद झाला. जमिनीवर सपाट पान पसरणाऱ्या आषाढ आमरीला डोक्यावर कमरेएवढं गवत नको आहे, एवढं तिच्या बांधणीवरूनच कळतं.

एक फूल गेलं तर बिघडलं काय?

खरं सांगायचं तर आषाढ आमरी अजून दुर्मीळ नाही. योग्य जागी, योग्य आठवड्यात गेलात तर भरपूर दिसते. ती उद्या नाहीशी झाली तर पुण्याचं पाणी आटणार नाही, धान्य पिकायचं थांबणार नाही. असली भीती दाखवून लोकांना पटवण्यावर माझा विश्वास नाही.

तिचा उपयोग वेगळा आहे. इतक्या अटी घालून जगणारं झाड एखाद्या पठारावर दरवर्षी फुलत असेल, तर त्या सगळ्या अटी तिथे अजून पाळल्या जातायत, असा त्याचा अर्थ. माती हललेली नाही, खत किंवा औषध पोचलेलं नाही, बुरशी जिवंत आहे, पतंग येतायत. यातली एकेक गोष्ट मोजायला प्रयोगशाळा लागेल. फुललेली आमरी मोजायला डोळे पुरतात.

काही आमरींवर औषधी व्यापाराचंही ओझं आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी सालममिश्री म्हणजे आमरींचे वाळवलेले कंद. आयुर्वेदातल्या अष्टवर्गापैकी ऋद्धी आणि वृद्धी म्हणून हिमालयातल्या हॅबेनारियांचे कंद ओळखले जातात. कंद काढला म्हणजे पुढच्या वर्षीचं झाडच काढलं, हे आता वेगळं सांगायला नको. बाळंतिणीच्या लाडवात सालममिश्री घालणाऱ्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पण मिश्री कुठून आली, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो?

राखीव जंगलातून कुठलीही वनस्पती उपटून नेणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. रानटी ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. ऑर्किडचं सगळंच्या सगळं कुळ त्या कराराच्या याद्यांत आहे. पण पुण्याभोवतीची कितीतरी पठारं खासगी मालकीची आहेत, आणि तिथे मालकाने जमीन सपाट केली तर एका कंदासाठी सहसा कोणी अडवायला येत नाही. कागदावरचा कायदा आणि पठारावरचा कायदा यांत एवढी फट आहे.

पाहायची कशी आणि नोंदवायची कुठे

आषाढाचे पहिले दोन आठवडे उत्तम. मळलेली वाट सोडू नका, कारण फुलाशेजारी फूल न आलेली, नुसत्या पानाची लहान रोपं असतात आणि गवतात ती पायाखाली येतात. फोटो काढताना फुलाचा समोरून एक, मागची नळी दिसेल असा बाजूने एक आणि जमिनीवरच्या पानाचा एक, असे तीन घ्या. नुसत्या फुलाच्या फोटोवरून हॅबेनारियाच्या जाती ओळखायला जाणकारांनाही त्रास होतो. कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या आणि आघारकर संशोधन संस्थेच्या संग्रहात वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत, आणि ओळख पक्की करायला शेवटी त्यांच्याशीच ताडून पाहावं लागतं.

समाजमाध्यमांवर टाकताना तालुक्याचं नाव पुरे. नेमकी जागा मात्र एका ठिकाणी जरूर द्या. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोक-जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम आहे. कुठे ती वही चांगली भरलेली असते, कुठे नुसती कपाटात असते. ग्रामसेवकाला भेटून फुलाचं गावातलं नाव, फुलण्याचा महिना, पठाराचं नाव आणि फोटो त्या वहीत चढवून घ्या. गावातल्या गुराख्याला सोबत न्या. पान कधी येतं आणि कुठल्या अंगाला जास्त असतं, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं.